मिस्सेआधी परवाना वाचा

कामोठ्यातील एखादा तरुण युरोपला कामासाठी निघाला की आपण घरात मिस्सा ठेवतो. त्याच्या हातातील कागद मात्र कोणीच वाचत नाही. शेंगेनच्या पर्यटन-व्हिसावर नोकरी करता येत नाही. इटलीसारख्या देशात कामाच्या परवान्यासाठी तेथील मालकानेच अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाल्यावरच येथे व्हिसा मागता येतो. १९८३च्या उत्प्रवास कायद्याने एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची केली आणि त्याच्या शुल्काला ३०,००० रुपये व कर एवढीच मर्यादा पडली. मग आईचे दागिने गहाण का पडतात? पोप बारावे पायस यांनी १९५२ साली इजिप्तला परागंदा झालेल्या पवित्र कुटुंबाला साऱ्या स्थलांतरितांचा आदर्श म्हटले. त्या कुटुंबाची तसबीर भिंतीवर लावायची आणि पोटचा मुलगा दलालाच्या हवाली करायचा, ही श्रद्धा नव्हे. हा निष्काळजीपणा आहे.