आर्द्रतामापकाचा काटा

तराजूचा काटा खरा असावा, याविषयी आपल्यात दुमत नाही. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ गणला आहे, हे आपण पाठशाळेपासून ऐकत आलो. १९५६ च्या कायद्यानंतर मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले, तो बदलही पेठेने पचविला. परंतु ज्या मापावर आज तराजूइतकाच पैसा फिरतो, त्या आर्द्रतामापकाकडे आपले तितके लक्ष नाही.

हिशेबच पाहावा. शंभर क्विंटल सोयाबीनमध्ये खरा ओलावा १२ टक्के असता यंत्राने १४ दाखविला आणि त्याप्रमाणे घट धरली, तर कोरड्या मालाच्या हिशेबाने सुमारे सव्वादोन क्विंटलांचे नुकसान शेतकऱ्याच्या माथी बसते. चूक उलट झाली तर ते खरेदीदाराच्या माथी. शिवाय ओला माल गोदामात तापून बुरशी धरतो, ते निराळेच. २०२४ साली केंद्र सरकारने हमीभाव खरेदीत सोयाबीनची १२ टक्क्यांची मर्यादा त्या हंगामापुरती १५ पर्यंत वाढविली, यावरूनच या दोन-तीन टक्क्यांचे मोल कळावे.

यात यंत्राला खोटे ठरविण्याचे कारण नाही. हाती धरावयाची बहुतेक यंत्रे प्रत्यक्ष पाणी मोजीतच नाहीत; दाण्याचे विद्युत्‌गुण पाहून अंदाज सांगतात. म्हणून पिरनवाडीकडील भातासाठी लावलेल्या खुणेवर निपाणीकडील सोयाबीन मोजले, किंवा उन्हात तापलेला दाणा तसाच घातला, की आकडा सरकतो. त्याहून मोठा दोष नमुन्याचा. पोत्याच्या तोंडची मूठ म्हणजे पोते नव्हे! अनेक पोत्यांतून, वरून, मधून व तळातून माल काढून एकत्र करावा आणि तीन वाचनांची सरासरी घ्यावी. तंबाखूच्या वखारीत जुनी मंडळी पान मुठीत दाबून ओल सांगत. त्या हाताचा मान राखावा. पण दोन हातांत मतभेद झाला तर निवाडा कोणी करावा?

तो निवाडा करण्यासाठी संघाने एक वाळवणीचा ओव्हन व बारीक वजनाचा काटा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेलबिया १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून घट मोजणे, ही मूळ कसोटी. एकच नमुना ओव्हनमध्ये व सभासदांच्या यंत्रांत तपासून, आलेल्या फरकाची चिठ्ठी प्रत्येक यंत्रावर डकवावी. हा खर्च एका पेढीला जड, संघाला नव्हे. पहिली तपासणी खरिपाचा माल पेठेत येण्यापूर्वी, भाद्रपदातच उरकावी. क्षमावणीला सभासद एकत्र येतातच, येताना यंत्रही बरोबर आणावे.