भांडवलाचे प्रमाण आणि ठेवीदाराचे भवितव्य

रिझर्व्ह बँकेने 23 सप्टेंबर 2019 च्या आदेशान्वये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत मिळून अवघे 1,000 रुपये काढण्याची मुभा ठेवली होती. ती मर्यादा पुढे वाढत गेली हे खरे. पण ज्या बँकेवर ही पाळी आली तिचा त्याच वर्षीच्या मार्चअखेरचा ताळेबंद पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे. त्यात भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण 12.62 टक्के दाखविले होते. नियमाने 9 टक्के पुरेसे होते. ढोबळ अनुत्पादक कर्जे 3.76 टक्के, तर निव्वळ 2.19 टक्के. कोणत्याही अभ्यासू ठेवीदाराने समाधानाने मान डोलवावी असेच हे आकडे होते.

बँकेची आर्थिक ताकद जोखण्याच्या मापांविषयी म्हणूनच थोडे खोलात जाऊन बोलणे आवश्यक आहे. एखाद्या कारखान्यावर स्वतःच्या भांडवलाच्या दहापट कर्ज असेल, तर त्याला कोणी दारात उभे करणार नाही. बँकेचे मात्र तसे नाही. दुसऱ्याचा पैसा घेणे हाच तिचा व्यवसाय, आणि आपण ज्याला ठेव म्हणतो ते तिच्या दृष्टीने कर्जच असते. पगारातून शिल्लक टाकणारा शिक्षक वा कारकून हा बँकेचा धनको असतो, ही साधी गोष्ट पासबुक हाती पडल्यावर आपण विसरतो.

समजा, बँकेची मालमत्ता 100 रुपये आहे. त्यात भागभांडवल आणि राखीव निधी मिळून स्वनिधी 8 रुपये. बाकीचे बहुतेक ठेवीदारांचे. कर्जे 60 रुपयांची दिली आहेत. त्यांतला दहावा हिस्सा पार बुडाला, तर 6 रुपये गेले आणि स्वनिधी 2 रुपयांवर आला. आणखी थोडे बुडाले की ठेवीदाराच्या पैशाला हात लागलाच. ही 8 रुपयांची भिंत किती जाड आहे, हेच भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण सांगते. मात्र ते सांगताना सर्व मालमत्ता सारख्या मापाने मोजली जात नाही. सरकारी रोख्यांना जोखीम नाही असे मानतात, घराच्या तारणावरील कर्जाला कमी भार देतात, बिनतारणी कर्जाला अधिक. त्यामुळे छापलेले प्रमाण साध्या भागाकारापेक्षा नेहमीच भरदार दिसते.

खरी मेख याच्याही पुढे आहे. कर्जाचा हप्ता वा व्याज 90 दिवस थकले की ते कर्ज अनुत्पादक ठरवावे लागते. त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते आणि न आलेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही. उलट, थकलेल्या कर्जावर ‘चांगले’ अशी चिठ्ठी चिकटवली, की तरतूद वाचते, न मिळालेले व्याज मिळकत म्हणून दिसते, नफा फुगतो आणि त्या नफ्यातून राखीव निधीही वाढतो. अनुत्पादक कर्जांचे प्रमाण आणि भांडवलाचे प्रमाण हे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. पहिला खोटे बोलला की दुसराही आपोआप खोटे बोलतो.

पीएमसी बँकेत नेमके हेच घडले. एकूण कर्जवाटपापैकी सुमारे 73 टक्के रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकली होती आणि ती झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखविली गेली होती. सत्य बाहेर आल्यावर 31 मार्च 2020 रोजीचे नक्त मूल्य उणे 5,850 कोटी रुपयांवर गेले. जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विम्याच्या मर्यादेवरील ठेवी टप्प्याटप्प्याने, 10 वर्षांपर्यंत परत मिळतील, असे त्या योजनेत ठरले. निवृत्तीची पुंजी तेथे ठेवलेल्या माणसाने ही 10 वर्षे कोठून आणायची?

हा दोष सहकाराचाच आहे, असे मानून कोणी निश्चिंत होऊ नये. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक काही सहकारी नव्हती. व्याजदर चढल्याने तिच्याकडील दीर्घ मुदतीच्या रोख्यांची बाजारकिंमत घसरली होती. मुदतीपर्यंत बाळगण्याच्या रोख्यांवरील हा तोटा 2022 अखेर सुमारे 15 अब्ज डॉलर, म्हणजे जवळजवळ तिच्या 16 अब्जांच्या भांडवलाइतका होता; परंतु हिशेबाच्या नियमांनुसार भांडवलातून तो वजा झाला नव्हता. 9 मार्च 2023 या एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढून नेले गेले. तेथे खोटेपणा नव्हता, नियमच तसा होता.

मग ही मापे टाकून द्यावीत काय? मुळीच नाही. फक्त ती एकटी वाचू नयेत. निव्वळ अनुत्पादक कर्जे 3 टक्के आहेत, हे ऐकून फारसे काही वाटत नाही. पण आपल्या उदाहरणातील 60 रुपयांच्या कर्जांवर ती 1 रुपया 80 पैसे होतात आणि 8 रुपयांच्या स्वनिधीशी ताडून पाहिल्यास हे प्रमाण 22 टक्क्यांच्या वर जाते. माझ्या मते सामान्य ठेवीदारासाठी सर्वांत उपयोगी भागाकार हाच. दुसरी पाहण्याची जागा म्हणजे ताळेबंदाला जोडलेल्या बारीक टायपातल्या टिपा. वीस मोठ्या कर्जदारांकडे किती टक्के कर्ज आहे, ते तेथे सापडते. वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानांवर अध्यक्षांची छायाचित्रे मोठी असतात. ही टीप मात्र शोधावी लागते.

ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये 1 लाखावरून 5 लाखांवर नेली, 2021 च्या दुरुस्तीने ही रक्कम 90 दिवसांत देण्याची तरतूद झाली. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी मुद्दल-व्याजासह एकत्र धरल्या जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुख्याध्यापकाचे उपदान आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम या मर्यादेत मावत नाही.

कायद्याने लेखापरीक्षकांच्या नेमणुकीला आता रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती लागते. पण नागरी सहकारी बँकांच्या रचनेतील एक विसंगती तशीच राहिली आहे. कर्ज घेणाऱ्याला भाग घ्यावे लागतात, म्हणून तो सभासद होतो, सर्वसाधारण सभेत बसतो, संचालक निवडतो. ज्याच्या पैशातून ते कर्ज दिले जाते, तो केवळ ठेवीदार असेल तर त्याला मत नाही आणि लेखापरीक्षकाला प्रश्न विचारण्याचा हक्कही नाही. मोठ्या बँकांत ठेवीदारांचे किमान दोन प्रतिनिधी संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीवर असावेत, अशी तरतूद राज्याच्या आणि केंद्राच्या कायद्यांत एकत्रितपणे करता येण्यासारखी आहे.