जाहिरातीत नसलेली पात्रता

भामरागड तालुक्यातील हेमलकसा गडचिरोलीपासून दीडशे किलोमीटरांहूनही दूर आहे. तेथील एखाद्या माडिया मुलीने पदवीची आकांक्षा धरली, तर तिचे विद्यापीठ कोणते? नागपूर विद्यापीठापासून विलग होऊन 27 सप्टेंबर 2011 रोजी चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ! गोंडांचे नाव अभिमानाने धारण करणाऱ्या या विद्यापीठाने आपल्या नेमणुकांना कोणती कसोटी लावावी, हा प्रश्न म्हणूनच साऱ्या महाराष्ट्राच्या विचाराचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण, राखीव प्रवर्गांस पाच टक्क्यांची सवलत, आणि नेट, सेट अथवा पीएच.डी. अशी पात्रता घातली. विद्यापीठीय विभागांत पीएच.डी. अनिवार्य करण्याचा घाट आयोगाने 2023 मध्ये सोडून दिला, हे उचितच झाले. परंतु त्याच नियमावलीतील छाननीच्या तक्त्यात पीएच.डी.ला 30 गुण आहेत, शोधनिबंधांनाही गुण आहेत; ज्यांना शिकवावयाचे त्यांची भाषा अवगत असण्यास मात्र एकही गुण नाही!

विद्वत्तेची पातळी उतरवावी, असे आमचे म्हणणे नाही. आदिवासी विद्यार्थ्याच्या पदरी दुय्यम प्रतीचा गुरू घालणे हा त्याच्यावरील दुसरा अन्याय ठरेल. बाहेरच्यांना दार बंद करावे, असेही आम्ही म्हणत नाही. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांच्या सर्वच जागा स्थानिक जमातींसाठी राखण्याचा आंध्र प्रदेशातील आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये घटनाबाह्य ठरविला. पण शंभर टक्के राखीव जागा आणि शून्य गुण यांच्यामध्ये विवेकाला पुष्कळ वाव आहे.

तो विवेक शिकावयास दूर जाणे नको. डिसेंबर 1973 मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे वैद्यकाच्या पदव्या घेऊनच गेले. परंतु रोग्याचे दुखणे कळावे म्हणून ते माडिया बोली शिकले. पदवीमुळे औषध देता आले. भाषेमुळे रोगी विश्वासाने दारात आला. वर्गाची गोष्ट याहून निराळी नाही.

म्हणून गोंडवाना विद्यापीठाच्या प्रत्येक जाहिरातीत माडिया वा गोंडी भाषेचे ज्ञान ही इष्ट पात्रता असावी. ज्यास ते नाही, त्याने परिवीक्षेच्या काळात ते संपादन करावे आणि विद्यापीठाने त्याची सोय करावी. विद्यार्थ्याचा अर्ज हाती घेणाऱ्या लेखनिकालाही हाच नियम लागू व्हावा. अर्थात यासाठी नेमणुका कायम हव्यात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आणि पुढील सत्राची शाश्वती नसणाऱ्या अध्यापकाने नवी भाषा कोणत्या आशेवर शिकावी?

विद्यापीठाला गोंडवानाचे नाव देणे सोपे होते. त्या नावाच्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारी माणसे नेमणे हे खरे काम आहे, आणि ते शासनाने व विद्यापीठाने आता विनाविलंब हाती घ्यावे.