सुपर बिल्टअप चादर

सणासुदीत वर्तमानपत्रातली बातमी शोधायला चार पानं उलटावी लागतात. या आठवड्यात त्या चार पानांपैकी एक अख्खं चादरीला वाहिलेलं होतं. डबलबेडची चादर, सोबत दोन अभ्रे फुकट, किंमत पाचशे रुपयांच्या आत आणि दोन ठळक दावे: ‘१००० थ्रेड काउंट’ आणि ‘ग्लेस कॉटन’. या स्तंभात मागे आलेलं टॉवेलच्या जीएसएमचं (चौरस मीटरमागे ग्रॅमचं) प्रकरण ज्या वाचकांच्या लक्षात आहे, त्यांना पुढे काय येणार हे एव्हाना कळलं असेल.

ग्लेस कॉटन आधी निकालात काढू. या नावाने विकला जाणारा बहुतेक माल पॉलिस्टर असतो. कॉटन हा शब्द पाकिटावर असतो, कापूस आत नसतो. सुती धागा हवेतली ओल धरतो. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवामानात हे प्रमाण वजनाच्या साधारण ८.५ टक्के येतं, पॉलिस्टरचं ०.४ टक्के. मे महिन्यात डोंबिवलीत किंवा पणजीत पंखा फुल्ल सोडून झोपणाऱ्याला हा फरक कोष्टकात बघावा लागत नाही, पाठीला कळतो. शंका असेल तर चादरीच्या शिवणीतला एक धागा ओढून काडी लावावी. सुताचा कागदासारखा वास येतो आणि राख उडते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. दुकानात हे करू देत नाहीत, म्हणून घरी आणल्यावर, पण बिल जपून ठेवून करावं.

खरी गंमत त्या हजाराची आहे.

थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज. कल्पना सोपी आहे, म्हणूनच ती बिघडवणंही सोपं आहे. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला हा खेळ कापडाच्या दुकानात शिकावा लागत नाही. तो फ्लॅट घेताना शिकून झालेला आहे. हा स्तंभ पुन्हा बिल्डरांकडे वळला म्हणून काही वाचक उसासा टाकतील. टाकोत. पण इतकी चपखल जोडी दुसरी नाही. घराच्या आत पाय टेकतो ती जागा साडेसहाशे फूट. त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी, वॉचमनची केबिन यांचा वाटा चढवला की कागदावर तीच नऊशे, ‘सुपर बिल्टअप’. त्याला ‘लोडिंग’ म्हणायचे आणि ते शहाण्यासुरत्या माणसांनी निमूट भरलं. रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महारेराचं कामकाज सुरू झालं आणि विक्री कार्पेट एरियावर करणं भाग पडलं. आता बिल्डर इतर शंभर गोष्टी करतो, पण भिंतीच्या आतला आकडा त्याला लिहून द्यावा लागतो.

चादरीचं लोडिंग असंच चढतं. दोन धागे एकत्र पिळून केलेला एक धागा घ्या. मागावर तो एकच धागा म्हणून जातो, कापडात एकाच धाग्याची जागा अडवतो. कापडातले धागे मोजायची अमेरिकी मानक पद्धतही तो एकच धरते. पण पाकिटावर तो दोन होतो. चार पिळले तर चार. दुसरी युक्ती आडव्या धाग्यांची: मागाच्या एकाच फेकीत चार-सहा बारीक धागे एकदम सोडायचे आणि प्रत्येकाची वेगळी हजेरी लावायची. अशाने अडीचशेची चादर दुकानात पोहोचेपर्यंत पाचशेची होते आणि अंगात जरा जोर असलेला विक्रेता तिला हजारावर नेतो.

हे बोलणं कोणाला आकसाचं वाटत असेल तर हिशेब करून बघता येईल. सूत नंबरावर विकलं जातं. ८४० वारांच्या जितक्या लड्या एका पौंडात बसतील, तो त्या सुताचा नंबर. साठ नंबरच्या सुताचा एक पौंड उलगडला तर ४६ किलोमीटर भरतो. नंबर जास्त तितका धागा बारीक. या सुताचे धागे एकमेकांना चिकटवून ठेवले तर इंचात किती मावतील, हे काढायचं कापडशास्त्राच्या पुस्तकातलं जुनं सूत्र आहे: नंबराचं वर्गमूळ गुणिले २८. साठ नंबरला हे उत्तर २१७ येतं. पण चिकटवलेले धागे म्हणजे कापड नव्हे. साध्या विणीत प्रत्येक उभ्या धाग्यानंतर आडवा धागा वर-खाली जातो, त्याला जागा लागते, म्हणून निम्मे राहतात. म्हणजे उभे १०८, आडवे १०८, बेरीज सव्वादोनशेच्या आसपास. शंभर नंबरचं महागडं सूत घेतलं तर बेरीज २८०. ठोकून विणलं तर आकडा थोडा वर सरकतो, पण दुप्पट होत नाही.

सटीनच्या विणीत धागा चार धाग्यांवरून तरंगत जाऊन पाचव्याखाली शिरतो. छेद कमी, त्यामुळे दाटी जास्त. तिथे शंभर नंबरच्या सुताने चारशेपर्यंत मजल जाते. आता याच रीतीने प्रामाणिक, एकेरी धाग्याची हजाराची सटीन विणायची ठरवली तर किती नंबरचं सूत लागेल? उत्तर ६२५. ढाक्याच्या मलमलीच्या कथांमध्ये शोभेल असं हे सूत पाचशे रुपयांच्या चादरीत, वर दोन अभ्रे फुकट! जाहिरात देणाऱ्याला पद्मश्री द्यायला हरकत नाही.

अमेरिकेत हा वाद कधीच होऊन गेला. तिथल्या कापड उत्पादकांच्या संघटनेने फेडरल ट्रेड कमिशनला विचारणा केली आणि २००५ मध्ये आयोगाच्या अधिकाऱ्यांनी उत्तर दिलं की, पिळातले धागे वेगवेगळे मोजून फुगवलेला आकडा ग्राहकाची दिशाभूल करू शकतो. लिहायचंच असेल तर ‘३०० थ्रेड काउंट, दुहेरी सूत’ असं लिहावं, ‘६००’ लिहू नये, अशा अर्थाचं ते पत्र होतं. चादरींचा कार्पेट एरिया म्हणतात तो हाच. आपल्याकडे पाकीटबंद चादरीवर तयार मालाची लांबी-रुंदी छापावी लागते, ती छापलेली असते. धागे कसे मोजले, हे सांगणारी ओळ मात्र दिसत नाही.

चादर आणि चौरस फूट यांचं नातं मुंबईत नुसत्या उपमेपुरतं नाही. बॉम्बे डाइंग ही १८७९ ची कंपनी, मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या तिच्या चादरींवर झोपल्या. दादरच्या तिच्या स्प्रिंग मिलच्या जागेवर आता उत्तुंग निवासी मनोरे आहेत आणि वरळीची बावीसेक एकर जमीन विकायचा ५,२०० कोटींचा सौदा २०२३ मध्ये जपानच्या सुमितोमो समूहातल्या कंपनीशी जाहीर झाला. चादर विणण्यापेक्षा चादर विणायची जागा विकणं किफायतशीर ठरलं. थ्रेड काउंटचा फुगवटा आणि सुपर बिल्टअपचा फुगवटा एकाच जाहिरात एजन्सीच्या एकाच टेबलावर जन्मला असावा, असा या स्तंभाचा जुना संशय आहे. पुरावा नाही. संशय आहे.

मग घ्यायचं काय? पुष्कळ चांगल्या हॉटेलांत ज्या पांढऱ्या चादरीवर अंग टाकताच लोक ‘वा’ म्हणतात, ती बहुधा दोनशे ते तीनशेच्या दरम्यानची असते. हॉटेलच्या खरेदी विभागाला थ्रेड काउंटचं अप्रूप नसतं. चादर रोज गरम पाण्यात किती धुण्यांना टिकेल, एवढंच तो बघतो. या चादरीची वीण साधी, एक वर एक खाली, बाजारात तिला पर्केल म्हणतात. स्पर्श कोरा, किंचित खडखडीत; हवा खेळती राहते; चुरगळते भरपूर, आणि प्रत्येक धुण्याला मऊ होत जाते. सटीन उलट आहे: दुकानात लोण्यासारखी लागते, दिव्याखाली चमकते, पण तिचे तरंगते धागे पैंजणात, बांगडीत, भेगाळलेल्या टाचेत अडकतात, आणि ती पर्केलपेक्षा उबदार असते. महाबळेश्वरला घर असेल तर जरूर घ्यावी. अकोल्यात किंवा चंद्रपुरात घेणाऱ्याने उन्हाळ्यात तक्रार करू नये.

दुकानातल्या मऊपणावर तर मुळीच जाऊ नये. नव्या चादरीवर मऊपणासाठी चोपडलेलं सिलिकॉन काही धुण्यांत उतरतं, खळही उतरते, आणि मग खाली कसलं सूत आहे ते कळतं. म्हणून कापड उजेडासमोर धरावं. धागे सारखे दिसतात की मधे विरळ पट्टे आहेत, हे आजीला डोळ्यांनी कळत असे. मांजरपाट आणि लठ्ठा वारावर घेणाऱ्या त्या पिढीला दुकानदार थान उलगडून हातात देत असे. आता फोनच्या पडद्यावर बोट फिरवलं की काचेचाच स्पर्श कळतो.

कापसाच्या जातीचंही कवतिक आवरतं घ्यावं. लांब तंतूचा कापूस चांगला, यात वाद नाही: तंतू लांब असला की धाग्याची टोकं कमी सुटतात, कापडावर गोळे कमी येतात, चादर जास्त टिकते. भारतातही सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट यांच्या संकरातून कोइमतूरला सत्तरच्या दशकात निघालेला सुविन हा जगातल्या उत्तम कापसांत मोडतो. पण पाकिटावर ‘इजिप्शियन’ छापलं की आत इजिप्त असतंच असं नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने मुंबईत मुख्यालय असलेल्या वेलस्पनशी व्यवहार तोडला. इजिप्शियन म्हणून पुरवलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्र्यांत दुसराच कापूस निघाला, असं टार्गेटचं म्हणणं होतं. तो माल जवळपास दोन वर्षं विकला जात होता. टार्गेटने ग्राहकांना पैसे परत देऊ केले, वेलस्पनचा शेअर आपटला. त्या दोन वर्षांत झोपणाऱ्यांपैकी किती जणांना मानेखाली फरक जाणवला होता, हा या स्तंभाला पडलेला खोडकर प्रश्न. चाळीस नंबरचं ‘कोंब्ड’ सूत, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढून टाकलेलं, आपल्याकडच्या नेहमीच्या लांब धाग्याच्या कापसातून उत्तम निघतं. वरच्याच सूत्राने त्याची साधी वीण पावणेदोनशेच्या आसपास जाते आणि कुठल्याही साध्या पलंगाला ती पुरते.

सोलापूरकर या ठिकाणी हात वर करतील. त्यांची जकार्डची चादर भौगोलिक मानांकन मिळवून बसलेली आहे, रंग पक्के आहेत, टिकाऊपणाबद्दल बोलायची सोय नाही. पण ती पांघरायची वस्तू आहे. जाड सुताची चादर जानेवारीत अंगावर हवी, एप्रिलमध्ये पाठीखाली नको. इथे विषय अंथरायचा चालला आहे, तेव्हा सोलापूरवर हिवाळ्यात बोलू.

उरला आकाराचा मुद्दा. भांडणं सर्वाधिक याच्यावरून होतात आणि जाहिरात सर्वात कमी बोलते तीही याच्यावर. आपल्याकडची नेहमीची मोठी गादी ७८ बाय ७२ इंचांची. पूर्वी तिची जाडी चार-पाच इंच असे, आता आठ सहज असते. बाजारातली ‘डबल’ चादर ९० बाय १०० ची. रुंदीचा हिशेब असा: गादी ७२, दोन बाजूंची जाडी १६, एकूण ८८. खोचायला एका बाजूला एक इंच उरला. त्यातच सुती कापड पहिल्या धुण्यांत तीन-चार टक्के आटतं, म्हणजे ९० ची ८७ झाली. ती चादर रात्री दोन वाजता सुटते आणि सकाळी नवरा-बायको एकमेकांवर ओढल्याचा आरोप करतात. १०८ बाय १०८ घेतली तर दहा-दहा इंच खोचायला मिळतात, आटल्यावरही आठ उरतात. हजार थ्रेड काउंटवाल्या त्या पानभर जाहिरातीत चादरीचा आकार तळाशी, मुंगीच्या अक्षरांत होता: ९० बाय १००.

घरांच्या प्रश्नात ग्राहकाची बाजू लावून धरणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने चादरीच्या पाकिटावर चार ओळींची सक्ती मागावी: सुताचा नंबर, धागा एकेरी की पिळाचा, वीण कोणती, धुतल्यानंतरचा आकार. छापायला शाईचा खर्च तेवढाच. तोपर्यंत दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा, ‘सूत किती नंबरचं?’ उत्तर चाळीस किंवा साठ आलं तर बसून घ्यावं आणि थान उलगडायला सांगावं. ‘हजार’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जावं. पुढच्या आठवड्यात उशी. मेमरी फोमवाल्यांनी आपले ब्रोशर तयार ठेवावेत.