कागदाची पट्टी आणि हिशोबाची पट्टी



क्विलिंग शिकावं का, असं आमच्या महिला मंडळातल्या चार-पाच जणींनी गेल्या काही महिन्यांत विचारलं. माझं उत्तर सरळ आहे. जरूर शिकावं, साठी उलटल्यावर तर आवर्जून शिकावं. पण शिकायचं तर दोन पट्ट्या शिका. एक कागदाची आणि दुसरी हिशोबाची.

मार्केट यार्डात राहणाऱ्यांना दुसरी पट्टी म्हणजे काय ते सांगायला नको. शेतकऱ्याचा माल विकला गेला की आडत्या त्याच्या हातात जो कागद ठेवतो, ती पट्टी. किती पोती, काय भाव, हमाली किती, तोलाई किती आणि शेवटी हातात किती. क्विलिंगच्या क्लासमध्ये पहिली पट्टी छान शिकवतात. दुसरीचं मात्र नावही निघत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

आधी पहिली पट्टी. कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळायच्या, त्यांना चिमटून आकार द्यायचा आणि कडेवर उभ्या चिकटवून नक्षी करायची, एवढंच हे काम. बाजारात ३, ५, ७ आणि १० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या मिळतात. बोहरी आळीत किंवा अप्पा बळवंत चौकात गेलात की सगळं एका फेरीत होतं. सुरुवात ५ च्या पट्टीनं करा. ३ ची पट्टी नवख्या बोटांत धरवत नाही आणि १० ची लागते ती मुख्यतः झालरीच्या फुलांना.

टोकाला फट असलेली एक सुई असते. पट्टीचं टोक त्या फटीत अडकवायचं आणि सुई फिरवत राहायचं. गुंडाळी घट्ट ठेवून चिकटवली तर घट्ट चकती. बोटं सैल सोडून ती जरा उलगडू दिली तर सैल चकती. ही सैल चकती एका बाजूनं चिमटली की पाण्याचा थेंब होतो, समोरासमोर दोन बाजूंनी चिमटली की डोळा, चार बाजूंनी चिमटली की चौकोन. हे चार-पाच आकार हाताला बसले की कमळ, कोयरी, मोर सगळं त्यातूनच निघतं. ज्यांनी उभा जन्म उंबऱ्यापुढे रांगोळी काढली त्यांना हे पटकन जमतं, कारण ठिपके मोजायची आणि दोन बाजू सारख्या ठेवायची सवय हाताला आधीपासून असते.

दोन-तीन गोष्टी क्लासमध्ये घाईघाईत सांगितल्या जातात, त्या नीट लक्षात ठेवा. पट्टीचं शेवटचं टोक कात्रीनं न कापता हातानं फाडा. कापलेली कड दिसते, फाडलेली मिसळून जाते. डिंक बाटलीतून थेट लावू नका, टाचणीच्या टोकावर येईल तेवढाच पुरे. सगळ्या पाकळ्या सारख्या हव्या असतील तर वर्तुळांचा साचा वापरा, नुसत्या नजरेवर विसंबू नका. आणि चातुर्मासात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, काम घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट हवेत कागद फुगतो आणि चकत्या सैल पडतात.

आपल्या घरांतला एक प्रश्न इथेच सांगून टाकते. जुन्या काळचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होत असे आणि फर्निचरच्या पॉलिशमधला चपडा लाखेचा, म्हणजे किड्यांपासून आलेला. क्विलिंगला या दोन्हींची गरज नाही. पांढरा कृत्रिम डिंक चालतो आणि वरून हात द्यायला कृत्रिम वार्निश मिळतं. घेताना तेवढं विचारून घ्या.

ही कला आली कुठून? इंग्रजीत क्विल म्हणजे पीस. पूर्वी पट्ट्या पक्ष्याच्या पिसाच्या दांडीवर गुंडाळत, म्हणून हे नाव. युरोपातल्या मठांमधल्या साध्वी, पुस्तकांच्या सोनेरी कडांच्या कातरणातून धार्मिक चित्रांभोवती अशी नक्षी करत. अठराव्या शतकात ती इंग्लंडच्या श्रीमंत घरांतल्या बायकांची करमणूक झाली. जेन ऑस्टेनच्या १८११ साली आलेल्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या कादंबरीत या कामाचा एक प्रसंग आहे. मोठ्या घरात पाहुणी म्हणून राहिलेली, बेताच्या परिस्थितीतली लूसी यजमानीणबाईंच्या लाडक्या लेकीसाठी कागदी नक्षीची टोपली करते आहे. टोपली पुरी व्हायला हवी, म्हणून मेणबत्त्या मागवून रात्री ती कामाला बसते. बाई तोंडानं तिच्या डोळ्यांची काळजी करतात, पण टोपली राहू दे असं काही म्हणत नाहीत. मोबदल्याचा तर विषयच नाही. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण आपल्या ओळखीची वाटते की नाही?

तर आता दुसरी पट्टी. मी बी.कॉम.ची, त्यामुळे कोणतीही वस्तू हातात घेतली की कॉस्टिंग डोक्यात सुरू होतं. क्विलिंगच्या झुमक्यांचा एक जोड घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. पट्ट्या, डिंक, हुक, मणी, वार्निश आणि डबी मिळून समजा ४० रुपये. पट्ट्या एकापुढे एक जोडून मोठी घट्ट चकती करायची, ती साच्यावर दाबून घुमट काढायचा, आतून डिंकाचा हात द्यायचा, वाळवायचं, वार्निशचे दोन हात द्यायचे, लोलक लावायचे. वाळायचा वेळ सोडून निव्वळ हाताचं काम समजा दोन तास. बिघडलेल्या, दबलेल्या जोडांपोटी १६ रुपये धरू आणि प्रदर्शनातल्या टेबलाच्या भाड्याचा वाटा २४. झाले ८० रुपये. यात बाईच्या हाताचा एक पैसाही नाही.

हा जोड प्रदर्शनात १२० ला जातो आणि घरी आल्यावर ती सांगते, “चाळीस रुपये सुटले.” सुटले कुठे? दोन तासांची ती मजुरी आहे, ताशी वीस रुपयांनी. तास साठ रुपयांचा धरला तर तोच जोड २०० रुपयांना पडतो. भिंतीवर लावायच्या फ्रेमचं तर बोलूच नका. चाळीस तासांचं काम असेल तर त्याच दरानं नुसती मजुरी २,४०० होते, आणि फ्रेम जाते हजार-बाराशेला. वर घेणारी म्हणते, “कागदाचंच तर आहे!”

आपण राहतो त्या मार्केट यार्डात प्रत्येक पोत्यामागे हमाली मोजली जाते. ती आपोआप मोजली जाऊ लागली नाही. डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात पुण्यात हमाल पंचायत उभी केली, वर्षानुवर्षं लढे झाले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. पाठीवर पोतं वाहणाऱ्याच्या श्रमाला हिशोबात स्वतःचा रकाना मिळाला. व्यापाऱ्यांच्या घरांत तेव्हा याबद्दल कुरकुर झालीच असेल, पण आज हमालीचा रकाना नसलेली पट्टी कोणाला खरी वाटणार नाही. त्याच व्यापाऱ्यांच्या घरांतल्या आपण बायका मात्र आपल्या कामाची पट्टी हमालीशिवाय लिहितो.

घरगुती कामाला दर लावता येत नाही, असंही नाही. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत झालं. तिथे बहिणी घरी पापड लाटून आणतात आणि किलोमागे लाटण्याची मजुरी घेतात. पापड लाटणं हे तर प्रत्येक घरातलं फुकटचं काम! वजन करून दर ठरवला, तेव्हा त्याचा रोजगार झाला.

यावर मला नेहमी ऐकवतात, “आपल्याला कुठे पोटासाठी करायचंय? दुपारचा वेळ जातो, सामानाचे पैसे निघाले की बास.” माझा खरा विरोध या वाक्याला आहे. तुम्हाला पोटासाठी करायचं नसेल, पण शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाईला करायचं असतं. तिच्या घरी या पैशांतून शाळेची फी जाते. ती जोडाचे २०० सांगते तेव्हा गिऱ्हाईक तुमच्या टेबलाकडे बोट दाखवतं, “त्या तर १०० ला देतात.” आपला वेळ गेला, तिची विक्री गेली. श्रावकाच्या तिसऱ्या व्रतात, अचौर्याच्या अतिचारांत, खोटं तोल आणि खोटं माप सांगितलेलं आहे. दुकानात आपण ते कटाक्षानं पाळतो. दोन तासांचं काम शून्य तासांचं म्हणून विकणं हेही मापच चुकवणं आहे, असं मला वाटतं. यात नुकसान आपलं कमी आणि दुसरीचं जास्त.

कोणी म्हणेल, दोनशेला कोण घेणार? कारखान्यातले झुमके पन्नासला मिळतात. बरोबर आहे, अनेकजणी घेणार नाहीत. मग विकू नका, भेट द्या. भाचीच्या वाढदिवसाला द्या, पाठशाळेतल्या मुलांना बक्षीस म्हणून द्या, राखीपौर्णिमेला स्वतः केलेली राखी भावाला बांधा. भेटीला किंमत नसते, म्हणून तिथे हिशोबही नसतो. विक्री असेल तर पूर्ण हिशोब, भेट असेल तर मोकळा हात. अर्धी विक्री आणि अर्धी भेट असा मधला प्रकार मला मान्य नाही. जिला सवलत द्यावीशी वाटते तिला जरूर द्या, पण डबीवर पूर्ण किंमत लिहून मग त्यातून कमी करा. कागदी कामात काय काय पडतं, ते तिला तेवढं तरी कळेल.

क्लास घेणाऱ्या ताईंनाही माझं एक सांगणं आहे. जाहिरातीत “घरबसल्या हजारो कमवा” असं लिहायचं असेल तर शेवटच्या दिवशी एक तास कॉस्टिंगचा घ्या. एक वही, पाच रकाने: सामान, तास, बिघाड, भाडे, विक्री. नव्यानं शिकलेल्या मुलीनं पहिले दहा नग या वहीत लिहिले तर हा धंदा आहे की छंद, ते तिचं तिला कळेल. कर्ज काढून साहित्य भरण्याआधी कळलेलं बरं.

आणि ज्यांना फक्त शिकायचंय त्यांनी मनात काही न आणता शिकावं. दुपारी खिडकीपाशी उजेडात बसा, अर्ध्या तासानं डोळ्यांना विश्रांती द्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पाच आकार जमेपर्यंत फ्रेम करायला घेऊ नका. पहिलं फूल वेडंवाकडं होतं, दहावं सरळ होतं. वहीत तास मात्र पहिल्या फुलापासून लिहा, विकायचं नसलं तरी. कोणी “कागदाचंच तर आहे” म्हणालं, की ती वही तिच्यापुढे उघडून ठेवता येते.