आधी कुठे जायचं?

डिसेंबर लागला की ऑफिसातून पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी येते. ज्या घरात दोघंही नोकरी करतात, तिथे त्या संध्याकाळी स्वयंपाक जरा उशिराच होतो. दोन कंपन्यांच्या दोन याद्या शेजारी ठेवायच्या आणि कुठे काय जुळतंय ते बघायचं. इंदूरच्या कंपनीला रंगपंचमीची सुट्टी असते, कारण गेरच्या दिवशी राजवाड्याच्या बाजूचा माणूस ऑफिसात पोचणारच नाही हे सगळ्यांना माहीत असतं. बंगळूरच्या कंपनीला रंगपंचमी ठाऊकच नसते; तिचा जोर उगादीवर आणि १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवावर. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, तेवढाच काय तो आधार.

फिरण्याची आवड आम्हा दोघांनाही आहे. यात विशेष काही नाही, आमच्या वयाच्या प्रत्येक जोडप्याला ती असते, निदान लग्न ठरताना तरी सगळे तसंच सांगतात. फरक पडतो तो पुढे. मला गाडी काढून निघायला आवडतं. वाटेत चहाची टपरी चांगली दिसली तर थांबावं, मुक्कामाचं बघू नंतर. बायको पुण्याची. तिला निघण्याआधी त्या गावात सूर्य किती वाजता मावळतो इथपर्यंत माहिती हवी असते. सुरुवातीला मला वाटायचं, ही सहलीतली मजाच घालवते. नंतर कळलं की तिची सहल शुक्रवारी रात्री जेवणं आटोपल्यावर, लॅपटॉपवर नकाशा उघडला की तिथूनच सुरू झालेली असते. आता त्या रात्री मलाही आवडतात. प्रत्यक्ष गेलो नाही तरी दोन तास स्पितीत काढून झोपायला काय हरकत आहे?

तर आमची एक शीट आहे. ठिकाण, महिना, किती दिवस, अंदाजे खर्च, कोण कोण. लग्नाला सहा वर्षं झाली, शीटवर ४३ ओळी आहेत, त्यातल्या ११ हिरव्या. बाकीच्या ३२ मधून आधी कुठे जायचं, हा खरा प्रश्न. सुरुवातीला उत्तर सोपं होतं: ज्याची इच्छा सगळ्यात जास्त ते वर. म्हणून पहिल्या ओळीत कायम जपान.

या क्रमाला पहिला धक्का दिला तो आपल्या महूच्या छोट्या गाडीनं. २०१९ च्या पावसाळ्यात आम्ही महूहून ओंकारेश्वर रोडला जाणारी मीटरगेज पॅसेंजर पकडली होती. पाताळपाणीचा धबधबा, मग बोगदे, मग घाट उतरल्यावर कालाकुंडला पानावर मिळणारा कलाकंद. इंदूरला रेल्वे यावी म्हणून होळकर दरबारानं १८७० मध्ये इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं, त्यातून झालेला हा मार्ग. डब्यात 'हेरिटेज' बघायला आलेले आमच्यासारखे दोन-चारच; बाकीचे आपले सनावदला, बडवाहला निघालेले. २०२३ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या कामासाठी ती पॅसेंजर बंद झाली. नवा मार्ग घाटातून वेगळ्या वाटेनं जातोय. आता राहिली आहे ती पाताळपाणी ते कालाकुंड एवढीच पर्यटकांची हेरिटेज गाडी. ती छान आहे, मुलांना जरूर न्या. पण सनावदच्या बाजाराला निघालेल्या माणसाशेजारी बसून तो घाट उतरणं आता कुणालाच जमायचं नाही.

ती बातमी वाचली त्या रात्री बायकोनं शीटमध्ये एक रकाना वाढवला: 'कधीपर्यंत'.

हा रकाना भरायला लागलो तर यादीचं रूपच बदललं. मुन्नारची नीलकुरिंजी १२ वर्षांनी एकदा फुलते. २०१८ ला फुलली, आता २०३०. म्हणजे ती ओळ निवांत खाली. नॉर्वेचा उत्तर ध्रुवीय प्रकाश सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्रावर चालतो, त्याचा जोर २०२४ च्या सुमारास शिगेला पोचला, म्हणजे तिथे घाई तरी हवी नाहीतर सरळ पुढच्या चक्राची वाट बघावी. खर्चाचा आकडा पाहून आम्ही दुसरा पर्याय आनंदानं निवडला. २०२८ च्या उन्हाळ्यात मात्र कुठेच जायचं नाही, कारण उज्जैनला सिंहस्थ. इंदूरकरांनी सिंहस्थात फिरायचं नसतं, गाद्या काढून ठेवायच्या असतात.

आणि २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे, इजिप्तमध्ये लक्सरच्या आसपास सहा मिनिटांहून जास्त काळ सूर्य पूर्ण झाकलेला असेल. शिवाय सोमवार, म्हणजे शनिवार-रविवार जोडून मिळतात! मी उत्साहानं हे जेवताना सांगितलं. आईनं कालनिर्णय नसतानाही तिथी काढली: "आषाढी अमावास्या. दिव्याची अवस. त्या दिवशी ग्रहण, आणि ते बघायला पैसे खर्चून परदेशी?" यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. वेध पाळून विमानात जेवायचं नाही, एवढी तडजोड मी सुचवून पाहिली आहे.

थट्टा सोडा. 'कधीपर्यंत' या रकान्यात आकाशाच्या आणि फुलांच्या तारखा भरणं सोपं होतं. अवघड गेलं ते माणसांचं.

बाबांकडे एक जुनी फाइल आहे. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतली कात्रणं, टूर कंपन्यांची माहितीपत्रकं, एका पानावर हातानं काढलेला चारधामचा मार्ग. वर लिहिलंय 'रिटायरमेंटनंतर'. त्या पिढीचं गणितच तसं होतं. घराचा हप्ता, मुलांची फी, बहिणींची लग्नं, आणि मग फिरणं. बाबा २०२० मध्ये रिटायर झाले. त्याच मार्चमध्ये रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत थांबवली आणि त्याच मार्चमध्ये सगळंच थांबलं. सगळं परत सुरू झालं तोपर्यंत उजवा गुडघा बोलायला लागला होता. केदारनाथला गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे आणि देऊळ ३५८३ मीटर उंचीवर. घोडे आहेत, पालखी आहे, हेलिकॉप्टर आहे. पण त्या फाइलमध्ये बाबांनी चालत जायचा रस्ता काढलाय, मुक्कामाच्या खुणांसकट.

आईचं वेगळं. तिला नर्मदा परिक्रमा करायची आहे, बसनं का होईना. इंदूरला राहून नर्मदेचं पाणी रोज नळाला येतं, मग तिच्याभोवती एकदा फिरून यावं यात तिला काही मोठं वाटत नाही. शेजारणी दोघी-तिघी जाऊन आल्या, एवढंच. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते आणि चातुर्मासात चालायचं नसतं, त्यामुळे पायी जाणारे आणि बसवालेही पावसाळा सरला की निघतात. पंधरा-वीस दिवस घरच्या सगळ्या गोष्टी सोडून जायचं, ही आईच्या दृष्टीनं खरी चढण.

हे दोन्ही आम्ही शीटवर वर घेतलं. मला स्वतःचं कौतुक वाटू लागलं होतं, तेवढ्यात बायको म्हणाली, "आणि माझे आई-बाबा कुठल्या ओळीत आहेत?"

कुठल्याच नव्हते. पुण्याला आम्ही वर्षातून तीनदा तरी जातो. २१ रजांमधल्या आठ-नऊ तिथेच संपतात. शीटवर मात्र पुण्याची ओळ नव्हती, कारण ते माहेर, ती काही सहल नव्हे. मग त्या रजा कुणाच्या खात्यावर? इंदूरचे आई-बाबा रोज समोर आहेत, त्यांच्याबरोबर कुठेही जाता येतं. पुण्याच्यांच्या वाट्याला रजेतले काही दिवस येतात, आणि त्यातलाही बराच वेळ प्रवासात जातो. आपली पुण्याची गाडी उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत, वसई असं गुजरातला प्रदक्षिणा घालून जाते. खालून सरळ रूळच नाहीत. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत इंदूरच्या मराठी घरांसाठी याहून मोठी बातमी आलेली नाही, आणि आपल्या गणेशोत्सवाच्या भाषणांत तिचा उल्लेखही कुणी केला नाही. असो. रूळ पडेपर्यंत रात्रीची स्लीपर बस.

तिच्या आई-बाबांनी इंदूरला यावं, तर तिथे दुसरीच अडचण. मुलीच्या सासरी चार दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, हा त्यांचा नेम. कुणी कुणाला काही म्हणत नाही, आमच्याकडे तर आई त्यांना आग्रहानं थांबवते. पण नेम तो नेम. सासरे सराफ्यात भुट्ट्याचा कीस मनापासून खातात, तिसऱ्या दिवशी परतीच्या तिकिटाचं विचारायला लागतात. आपण नव्या पिढीचे म्हणवतो, तरी हा पडदा अजून कित्येक घरांत आहे. मुलाचे आईवडील 'आपल्याबरोबर' फिरतात आणि मुलीचे 'भेटायला' येतात.

उपाय नकाशावरच सापडला. पुण्याहून धुळे, सेंधवा करत येणारी बस इंदूरच्या आधी खलघाटला नर्मदा ओलांडते आणि धामनोदला थांबते. धामनोदहून महेश्वर अगदी जवळ. म्हणजे पुण्याच्या माणसाला महेश्वर इंदूरच्या आधी लागतं! गेल्या हिवाळ्यात ते दोघं पहाटे धामनोदला उतरले, आम्ही चौघं इंदूरहून तिथे पोचलो. सासरही नाही, माहेरही नाही. कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. खोल्यांचे पैसे निम्मे-निम्मे, हे सासऱ्यांनी फोनवरच ठरवून घेतलं होतं, आणि यावेळी आम्ही वाद घातला नाही.

महेश्वरबद्दल इथल्या वाचकांना मी काय सांगणार! अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत यात्रेकरूंसाठी घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या. त्या बाईच्या गावात चार दिवस राहायला कुणाला संकोच वाटू नये, हे मला मनापासून पटतं. दोन्ही आया माग बघायला गेल्या आणि दोन तासांनी साडी न घेता परत आल्या, दुसऱ्या दिवशी परत जाऊन घेऊन आल्या. घाटावर संध्याकाळी बाबा आणि सासरे दोघंच पायरीवर बसले होते. लग्नात भेटले होते, नंतर बारशा-मुंजीत. पण एकमेकांशी इतका वेळ बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. विषय गुडघे आणि पेन्शन.

तिसऱ्या दिवशी रावेरखेडी. हे शीटवर नव्हतंच, सासऱ्यांनी विचारलं म्हणून गेलो. सनावदच्या बाजूला, नर्मदेच्या काठी पहिल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० ला तिथे छावणीतच ते गेले, चाळिशीही पुरी झाली नव्हती. सासऱ्यांचं सगळं आयुष्य शनिवारवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर गेलं. समाधीपाशी ते बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "रोज वाड्यावरून जायचो. हे इतक्या लांब असेल असं वाटलं नव्हतं." परतताना बायको गाडीत मागे तिच्या बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

त्यानंतर शीटमध्ये पुण्याची स्वतंत्र ओळ आली आणि 'सहा जण' असाही एक प्रकार आला. बुऱ्हाणपूर त्यात आहे. कुंडी भंडाऱ्यात जमिनीखाली उतरून चारशे वर्षांपूर्वीची पाण्याची व्यवस्था बघायची आणि वर येऊन माव्याची जिलबी खायची. पैशांचं सांगायचं तर सहा जणांच्या या सहली जपानच्या एका तिकिटापेक्षा स्वस्त पडतात. 'मूल व्हायच्या आत फिरून घ्या' असं आम्हाला लग्नात, बारशात आणि एकदा बँकेच्या रांगेतही सांगितलं गेलंय. तो रकाना शीटमध्ये नाही आणि तो आम्ही कुणाला दाखवणारही नाही.

तुमच्यापैकी कुणी दिवाळीत निघणार असाल तर एक कामाची गोष्ट. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी आषाढ लागला की दिवाळीची तिकिटं काढायची घाई असायची, आता ती वेळ गणपती बसण्याच्या आसपास येते. सकाळी आठला, आरती सोडून. घरात एकानं आरतीला उभं राहावं आणि एकानं फोन घेऊन बसावं, अशी वाटणी आमच्याकडे झाली आहे.

जपान सध्या सातव्या ओळीत आहे. पहिल्या ओळीत केदारनाथ, येत्या मे महिन्यात, चौघं. डॉक्टरांनी बाबांना सांगितलंय की चढायला हरकत नाही, उतरताना जपा, आणि त्याआधी रोज चाला. ते पहाटे पिपल्यापाल्याच्या तलावाला चकरा मारतात. नोव्हेंबरात दोन व्हायच्या, आता चार होतात. परवा येताना हातात काठी होती. आईनं विचारलं, दुखतंय का? म्हणाले, नाही, काठीची सवय करतोय, वर लागेल.