तुरट द्राक्षाचा तांबडा पेला



पुण्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. नोकरीनिमित्त इटलीत राहणाऱ्या मुलाने येताना वडिलांसाठी तांबड्या वाइनची एक बाटली आणली आणि सांगितले, "बाबा, या द्राक्षात हृदयाला उपकारक द्रव्ये भरपूर असतात. रोज रात्री एक पेला घेत जा." उभ्या आयुष्यात मद्याला न शिवलेले बाबा आता विचारात पडले आहेत. बाटलीवर नाव आहे 'मोंतेफाल्को सग्रांतीनो'. "हिला औषध समजावे काय?" असा भगिनींचा प्रश्न आहे.

प्रथम त्या द्राक्षाची ओळख करून घेऊ, कारण ते खरोखरच दुर्मिळ आहे. मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात मोंतेफाल्को नावाचे टेकडीवरचे लहानसे गाव आहे. सग्रांतीनोची लागवड मुख्यतः या गावाच्या परिसरातच होते. पूर्वी ही द्राक्षे काही आठवडे सुकवून त्यांपासून सणासुदीची गोड वाइन करीत. विसाव्या शतकाच्या मध्यास ही जात जवळजवळ नामशेष होण्याच्या मार्गावर होती. पुढे काही जिद्दी उत्पादकांनी तिला जीवदान दिले आणि १९९२ मध्ये तिच्या वाइनला इटलीतील सर्वोच्च दर्जाचे मानांकन मिळाले. ही वाइन किमान ३७ महिने मुरविल्याविना बाजारात आणता येत नाही. इतका काळ लागतो तो तिच्या तुरटपणामुळे.

हा तुरटपणा येतो टॅनिनमुळे. द्राक्षाच्या साली व बिया यांत पॉलिफेनॉल वर्गातील द्रव्ये असतात. टॅनिन हे त्यांपैकीच एक. तांबडी वाइन सालींसह आंबविली जात असल्याने ती द्रव्ये तिच्यात उतरतात. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडते. कच्चे केळे किंवा हिरडा चघळताना येणारा अनुभव आपल्या परिचयाचा आहेच. पॉलिफेनॉलच्या प्रमाणात सग्रांतीनो जगातील आघाडीच्या द्राक्षांत गणले जाते. म्हणजे चिरंजीवांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे.

चूक आहे ती पुढच्या अर्ध्यात. फ्रान्समधील लोक लोणी-चीज भरपूर खाऊनही हृदयविकाराने तुलनेने कमी दगावतात, याचे श्रेय १९९०च्या सुमारास तांबड्या वाइनला दिले गेले आणि ही समजूत जगभर पसरली. परंतु अशा अनेक पाहण्यांत एक दोष होता. आजारपणामुळे मद्य सोडलेले लोकही 'न पिणाऱ्यां'त मोजले गेले. साहजिकच न पिणारे अधिक रोगी दिसले. शिवाय मोजके पिणारे बहुधा सुस्थितीतले, आहार-व्यायाम सांभाळणारे असत. वाइनमधील बहुचर्चित रेस्व्हेराट्रॉलचेही तसेच. ते लिटरमागे काही मिलिग्रॅमच असते. पाच मिलिग्रॅम धरले, तरी प्रयोगांत वापरतात तशी २५० मिलिग्रॅमची मात्रा मिळण्यास ५० लिटर वाइन लागेल!

आता पेल्यातील दुसरे द्रव्य पाहू. सग्रांतीनोत मद्यार्काचे प्रमाण सहसा १४-१५ टक्के असते. १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १७ ग्रॅम मद्यार्क जातो आणि केवळ त्यातूनच सुमारे १२० कॅलरी मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातले आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे या संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले. वाइन महाग असो वा दुर्मिळ, तिच्यातील मद्यार्क तोच.

भगिनींनी यजमानांच्या गोळ्यांची नावेही कळविली आहेत. त्यांत रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आहेत. अशा गोळ्यांसोबत मद्य घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. नियमित मद्याने रक्तदाब चढतो, हृदयाची लय बिघडू शकते. मधुमेहाच्या काही औषधांबरोबर साखर एकाएकी उतरू शकते. तेव्हा ताई, उत्तर स्पष्ट आहे : जे कधी घेत नव्हते, त्यांनी हृदयासाठी ते सुरू करू नये. आणि कोणी आधीपासून घेत असेल, तर ते आपल्या डॉक्टरांपासून लपवू नये. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत, ही विनंती सर्वांनाच.

पॉलिफेनॉल हवीच असतील, तर ती मद्याविना मिळतात. नाशिकची काळी द्राक्षे सालीसकट खावीत. जांभूळ, आवळा, डाळिंब आहेतच. चहातही ती असतात, परंतु टॅनिनमुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते. म्हणून चहा जेवणासोबत नको, तासाभराचे अंतर ठेवावे. आणि मधुमेहींनी द्राक्षे मोजूनच खावीत.

चिरंजीवांवर रागावू नका. दूर राहणाऱ्या मुलाने वडिलांच्या काळजीपोटीच ती बाटली आणली आहे. ती काळजी वाया जाऊ देऊ नये. रोज सायंकाळी वडील फिरायला निघाले, की त्याने फोन करावा आणि अर्धा तास बोलत त्यांच्याबरोबर चालावे. हृदयाला याचा उपयोग निश्चित होईल, आणि त्यासाठी ३७ महिने थांबावेही लागणार नाही.